क्लेमाँतीन आणि केशर

ल्योन, १४ डिसेंबर

प्रिय विलास,

नात झाली हे वाचून फार आनंद झाला रे. सूनबाईंना जपा. हे पत्र बारशाच्या आत पोचावं म्हणून आजच लिहायला बसलो.

काकूंचं, तुझ्या आईचं, केशर हे नाव ठेवायचं तुझ्या मनात आहे, आणि घरातली पोरं म्हणतात, केशर ही शिऱ्यात घालायची वस्तू, शाळेत चिडवतील. यावर इथली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तू संत्र्याचा माणूस, तुला ती लगेच कळेल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक सात वर्षांची मुलगी आहे, क्लेमाँतीन. आणि या दिवसांत बाजारात ज्या फळाच्या पेट्या लागतात, तेही क्लेमाँतीन. आपल्या संत्र्याच्याच गोतातलं, पण लहान, साल पटकन सुटणारं, बहुधा बिनबियांचं. कॉर्सिका बेटावरचं तर हिरव्या पानांसकट येतं. जिन्यात आजी तिला हाक मारते तेव्हा माझ्या पिशवीत तेच फळ असतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे नाव फळावरून माणसाला आलेलं नाही. फ्रेंच राजा लुई-फिलिपची १८१७ साली जन्मलेली मुलगी क्लेमाँतीनच होती, तेव्हा हे फळ नव्हतंच. अल्जेरियात ओरान शहराजवळ मिसेरघीन नावाचं गाव आहे. तिथल्या अनाथाश्रमाची रोपवाटिका ब्रदर क्लेमाँ सांभाळायचे. त्यांच्या बागेत हे वेगळंच झाड निघालं, मँडरिन आणि गोड संत्र्याचा संकर. अल्जियर्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्राब्यू यांनी १९०२ मध्ये त्याला त्या ब्रदरांचं नाव दिलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सौम्य, दयाळू. तू जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतोस ना, तसंच डोळे भरत भरत ते झाड जगभर गेलं. पोरक्या मुलांमध्ये राहणाऱ्या एका माणसाचं नाव आज लाखो घरांत सोललं जातं. मला हे फार मोठं वाटतं.

पोरांच्या चिडवण्याच्या भीतीबद्दलही सांगतो. इथे १८०३ च्या कायद्याने नाव पंचांगातल्या संतांचं नाहीतर प्राचीन इतिहासातलंच ठेवावं लागे. १९९३ पासून आईबापांना मोकळीक आहे, पण नावाने मुलाचं नुकसान होईल असं वाटलं तर प्रकरण न्यायाधीशापुढे जातं. २०१५ च्या जानेवारीत बातमी आली होती, व्हालाँसिएन शहरातल्या कोर्टाने ‘फ्रेझ’, म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नाव नाकारलं. कारण? फ्रेंचमध्ये ‘आपली फ्रेझ घेऊन येणं’ म्हणजे न बोलावता मध्ये तोंड घालणं. मुलीला आयुष्यभर ते ऐकावं लागलं असतं. आईबापांनी मग ‘फ्रेझीन’ हे जुनं नाव घेतलं. पण ‘प्रून’, म्हणजे आलुबुखार, आणि ‘सरीझ’, म्हणजे चेरी, या नावाच्या मुली इथे सुखाने वावरतात. म्हणजे अडचण खाण्याच्या वस्तूची नाही, त्या शब्दाला चिकटलेल्या हेटाळणीची आहे. केशरला आपल्या भाषेत अशी कसली हेटाळणी चिकटली आहे, सांग बरं?

आणि विलास, आपल्या दोघांच्या लहानपणी घरात केशर होतंच कुठे? मी पहिल्यांदा केशराची काडी बघितली ती पुण्याला, कॉलेजात असताना. त्याआधी दहा वर्षं मला केशर म्हणजे फक्त तुझी आई ठाऊक होती. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की माझ्या दप्तरात चार संत्री कोंबणारी. डबीवर ते नाव वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर काकूंचं नाव यांनी घेतलंय.

सूनबाईंना हे पत्र वाचून दाखव. तरी त्यांचं मन झालं नाही, तर जबरदस्ती मात्र करू नकोस, पाळण्यातल्या नावावरून घरात कुरबुर नको. पण झालंच केशर, तर आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितल्यावर मला फोन लावायचा, रात्र असली तरी.

मृगाचा बहार कसा आहे, कळव.

तुझा,
सुधाकर