खापरं धुणाऱ्या लेकीस

कराड

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

"खोदकामाच्या शिबिरात काही निघत नाही, नुसती खापरं धुतेय" हा तुझा निरोप वाचून बाबा हसले. मला मात्र बोलावंसं वाटलं.

घोडनदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं काय पिकवत, काय खात, हे कळलं ते जळक्या दाण्यांवरून आणि हाडांवरून. वस्तीचे काळ लावले त्यात मोठा वाटा खापरांचा. मेलेली लेकरं ते घरातच जमिनीखाली पुरत, दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून. ती मडकी घाईनं उपसली असती, तर हे कुणाला कळलं असतं?

माझ्यासारख्या तलाठ्याची लेक आहेस, म्हणून सांगते. पंचनामा जागेवरच होतो, घरी येऊन आठवून लिहिलेला टिकत नाही. तुझ्या चराचंही तेच. पिशवीवर चराचा नंबर, थर, खोली, तारीख लिहिल्याशिवाय खापर हलवू नकोस. खणलेला थर परत लावता येत नाही.

तुझ्या आजोळी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड दर उन्हाळ्यात कमी होतंय. राखेची, हाडांची माती, शेताला चांगली, म्हणून ट्रॉल्या भरून जाते. रॉयल्टी भरलेली दिसली की आमचं काम संपलं. मातीत खापरं होती का, याला आमच्या कागदात रकानाच नाही!

बाबांचं म्हणणं, कराड काय कमी जुनं आहे, इथंच खणायचं. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाला 'करहकट' नगरानं दिलेलं दान तिथल्या दगडावर कोरलंय, आणि ते नगर म्हणजे आपलं कराड असं अभ्यासक मानतात. पण ते कराड आता पेठांच्या, घरांच्या पायाखाली आहे. चर मारायचा कुठे, कुणाच्या ओट्यावर? मोकळं टेकाड मिळालंय तर राहा शेवटपर्यंत.

अकरानंतर उन्हात बसू नकोस, सरांना सांगून सावलीत खापरं निवडायला घे. पंचा ओला करून डोक्याला बांध. शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत, एकटीनं संपवू नकोस. आणि तुझ्या वहीतलं एक पान फोटो काढून पाठव, चतुःसीमा नीट लिहितेस का बघते.

तुझी आई