दगड दुसऱ्याने मारला तर?

प्रिय मधू,

तुझं पत्र परवा मिळालं. मोर्चाला जावं की नाही, हे तू विचारलेलंच नाहीस. ते तू ठरवून मोकळा झालायस. विचारलंस ते एवढंच, की गर्दीतल्या एखाद्या माथेफिरूने दगड भिरकावला तर आपलं काय? पहिल्या वेळी मलाही हीच धास्ती होती.

ग्वादलूप या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटावर १९८३ साली एका मोर्चात एक वकील हातात फलक घेऊन चालत होता. काहींनी भिंती रंगवल्या, पोलिसांना शिव्या घातल्या. या गड्याने काहीच केलं नाही, फक्त तिथून काढता पाय घेतला नाही. त्यावरून, आणि पुढे चौकशीत साक्ष द्यायला नकार दिला म्हणून, फ्रेंच न्यायालयाने त्याला ताकीद दिली. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि १९९१ साली निकाल लागला: माणसाने स्वतः गैर काही केलं नसेल, तर साधी ताकीदही नको. म्हणजे शांतपणे मोर्चात चालण्याचा हक्क एकेकट्या माणसाचा आहे, शेजाऱ्याच्या दगडाने तो फुटत नाही. आता त्यासाठी आठ वर्षं खेटे घालावे लागले, हे मी तुझ्यापासून कशाला लपवू?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० साली हेच आणखी सोडवून सांगितलं. ढकलाढकली किंवा वाहतुकीचा खोळंबा म्हणजे हिंसा नव्हे. पूर्वसूचना दिली नाही, एवढ्यावरून शांतपणे आलेला माणूस गुन्हेगार ठरत नाही.

पण एका बाबतीत तुझा उतावळा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचं सांगतो. १९६३च्या गुड फ्रायडेला मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे साथीदार तिथे चालले ते कोर्टाचा मनाई हुकूम मोडून. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची शिक्षा कायम केली. हुकूम चुकीचा वाटत होता तर आधी कोर्टात यायचं होतं, म्हणे! आणि गंमत बघ, १९६९ साली त्याच न्यायालयाने त्याच मोर्चाबद्दलची दुसरी शिक्षा रद्द केली, कारण मोर्चाच्या परवान्याचा नियमच घटनेत बसत नव्हता. मला पहिला निकाल आजही पटत नाही. तरी, कोर्टाचा कागद हातात पडला तर पाऊल उचलण्याआधी वकिलाला गाठ. नियम जागोजागी वेगळे असतात.

मी हल्ली घोषणा देत नाही. कडेला वही घेऊन उभा राहतो. कोणाला किती वाजता धरलं, गाडीचा नंबर काय, इशारा दिला होता का, एवढंच टिपतो. असं टिपणाऱ्यालाही संरक्षण आहे, हे त्या समितीनेच म्हटलंय.

निघण्याआधी फोन कर. वकिलाचा नंबर देतो, तो मनगटावर पक्क्या शाईने लिही. मागच्या खेपेला मी साध्या पेनने लिहिला होता. दुपारपर्यंत घामाने शेवटचे तीन आकडे गेले.

तुझा,
विनू