मुंबईचा प्लेग आणि तुझे पणजोबा

पुणे,
८ जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. एम.एस्सी.च्या मुलांना साथीच्या रोगांचं मॉडेल शिकवायचंय, "एखादं सोपं, आपल्याकडचं उदाहरण सांग" असं लिहिलंयस. सोपं नाही, पण आपल्याकडचं आहे. त्यात तुझे पणजोबाही असण्याची शक्यता आहे, म्हणून ऐक.

साथीच्या गणितात आजही जिथून सुरुवात करतात, तो केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा निबंध. दोघं एडिनबरोच्या एका प्रयोगशाळेतले. मॅकेंड्रिक पेशाने डॉक्टर, हिंदुस्थानात लष्करी वैद्यकीय नोकरी केलेला, कसौलीला राहिलेला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेली, तेव्हा तो जेमतेम सव्वीसचा. पुढची समीकरणं त्याने डोक्यातच सोडवली. (आपण कॅल्क्युलेटर विसरलो की पेपर सोडून येणारी माणसं!)

कल्पना साधी आहे. गावातल्या माणसांचे तीन गठ्ठे करायचे: अजून लागण न झालेले, लागण झालेले आणि त्यातून सुटलेले, म्हणजे बरे झालेले किंवा गेलेले. पहिल्यातून दुसऱ्यात माणसं किती वेगाने जातात ते पहिल्या दोन्ही गठ्ठ्यांच्या आकारावर ठरतं. पहिला गठ्ठा आटत गेला की सगळे आजारी पडायच्या आतच साथ ओसरते. हे ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, आठवड्याआठवड्याचे. सूत्रातला वक्र एप्रिलच्या मध्याला आठवड्याला ८९० मृत्यूंच्या शिखरावर पोचतो आणि उतरतो. खरे ठिपके त्याच्या अगदी अंगालगत बसतात. पाठ्यपुस्तकं हा आलेख छापतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

तुझ्या पोरांना मात्र आलेखाच्या बाजूचा मजकूर वाचायला लाव. माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, हे त्या दोघांनी स्वतःच तिथे लिहून ठेवलंय. मुंबई बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागणीचा सारखाच धोका, रोग पसरवणाऱ्या पिसवा इतक्या की जणू उंदराकडून उंदराला थेट लागण, लागणीचे आणि मृत्यूचे दर आजारपणभर तेच, अशी गृहीतकं त्यांनी ओळीने मांडलीत. यातलं एकही काटेकोरपणे खरं नाही आणि या वक्रावरून सूत्रातल्या स्थिरांकांच्या किमतींबद्दल निष्कर्ष काढू नयेत, असंही बजावलंय. इतकं स्वच्छ कबूल करणारी माणसं हल्ली मला मीटिंगांत भेटत नाहीत.

खरी मेख ऋतूची आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतर तो वर्षानुवर्षं हिवाळ्यात चढायचा आणि पावसाच्या तोंडावर उतरायचा. म्हणजे १९०६चा उतार लागण होण्याजोगे जीव संपल्यामुळे की उन्हाळ्यापुढे पिसवा टिकेनात म्हणून? नुसत्या वक्रावरून दोन्ही सारखंच दिसतं. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने नेमकं यावरच बोट ठेवलं. मॉडेल आकड्यांवर चपखल बसलं, म्हणून कारण बरोबर ठरत नाही.

आता पणजोबा. मॉडेलला शहर म्हणजे झाकण लावलेला डबा वाटतो. मुंबई तशी कधी होती? १८९१च्या जनगणनेत ८,२१,७६४ माणसं, १९०१ला ७,७६,००६. मेले त्यांच्याइतकंच पळालेल्यांचंही हे गणित. १८९७च्या सुरुवातीला लोक इतके निघून गेले की गिरण्यांना हात मिळेनात. मालक नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लावायला लागले, महिन्याचा पगार थकवून ठेवायची सवय सोडून रोजच्या रोज पैसे द्यायला लागले. मला हा भाग प्लेगपेक्षाही थरारक वाटतो. भीतीने माणूस कोकणात जातो, तो गेला म्हणून मजुरी चढते, चढलेली मजुरी त्यालाच परत ओढते, आणि परत येताना तो कुठल्या चाळीत, किती जणांच्या खोलीत शिरतो त्यावर पुढची लागण ठरते. आजार आणि मजुरी एकमेकांच्या समीकरणात बसलेले आहेत. आपण मात्र एक आरोग्य खात्याकडे देतो, दुसरं अर्थशास्त्राच्या विभागाकडे.

मी काही शहाणा नाही. २०२०च्या मे महिन्यात एका जिल्ह्यासाठी कोविडच्या खाटांचा अंदाज मीच काढला होता. बैठकीत तक्ता लावला, रंगीत. मागच्या खुर्चीवरच्या एका ग्रामसेवकाने विचारलं, "सर, मुंबईहून येणारी यात कुठं धरलीत?" धरलीच नव्हती. डबा बंदच होता. त्याच्या रजिस्टरात गावात आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि तारीख होती. माझ्या कोडमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. त्या रात्री जागून रकाना घातला, अंदाज बराच वर गेला. नंतर कितीतरी दिवस त्या माणसाचा फोन आला की मी उभा राहून घ्यायचो.

म्हणून एक काम कर. माई सांगायच्या ना, पणजोबा गिरणी सोडून आगबोटीने घरी आले ते प्लेगच्या साली? कुठल्या महिन्यात ते आत्याला विचार. माघ-फाल्गुनात आले असतील तर भीतीने. वैशाख-ज्येष्ठात आले असतील तर कदाचित नेहमीसारखे पेरणीला, आणि तेव्हा प्लेग तसाही उतरणीला लागलेला असायचा. घरात जुनी पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या असतील तर फोटो काढून पाठव. पोरांनाही आपापल्या घरी विचारायला सांग, कोकणातल्या वर्गात पाच-सहा गिरणी कामगार तरी निघतीलच.

वहिनींना नमस्कार. या खेपेला आमसुलं पाठवू नकोस, गेल्या वर्षीची अजून आहेत. फणसपोळी चालेल.

तुझा,
अविनाश