मोशीच्या स्टँडवरच्या त्या दोघांना थँक्यू
टांझानियात मोशीला व्हॉलंटियर म्हणून एका घरी राहत होते तेव्हाची गोष्ट. मामा (तिकडे मामा म्हणजे आई!) म्हणाली बस 'सा ताटू'ला, स्वाहिलीत ताटू म्हणजे तीन एवढंच मला माहीत, म्हणून मी आरामात दुपारी तीनला स्टँडवर, आणि बस सकाळी नऊलाच गेलेली. तिकडे सकाळी सातला एक वाजतो हो, म्हणजे नऊला तीन, कोणी सांगायचं तरी ना. अगदी रडकुंडीला आले होते. कणसं भाजणाऱ्या मावशींनी स्वतःचं स्टूल दिलं, गरम कणीस हातात कोंबलं आणि डालाडालाच्या (तिकडची मिनीबस) कंडक्टर दादाने मामाला फोन लावून घराच्या वळणापर्यंत सोडलं, भाडं घेतलंच नाही. नावं विचारायची राहिली बघा. मावशी, दादा, असांते साना (खूप खूप धन्यवाद)! मामा मात्र उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) ढवळायचं सोडून पोट धरून हसत बसली.