तुझ्या सिम्युलेशनमध्ये घड्याळ एकच होतं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. सिम्युलेशनमध्ये एकही बिट चुकत नाही, केबल लावून सगळं चालतं, पण दोन रेडिओ बोर्ड लांब ठेवून हवेतून पाठवलं की नुसता कचरा येतो, आणि कोड चार वेळा तपासूनही चूक सापडत नाही. सापडणार नाहीच, कारण तू लिहिलेल्या ओळींत ती नाही. सिम्युलेशनमध्ये पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तू एकच घड्याळ दिलंस. केबलच्या वेळीही तेच झालं, एकाच बोर्डाचं आउटपुट तू त्याच बोर्डाच्या इनपुटला जोडलंस. दोन वेगळी घड्याळं तुझ्या रिसीव्हरने हवेतच पहिल्यांदा पाहिली.

इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हाच पराक्रम केला होता. दोन्ही पेट्यांना १० मेगाहर्ट्झच्या एकाच रेफरन्सची, म्हणजे बाहेरून ठोका देणाऱ्या एकाच घड्याळाची, वायर जोडलेली होती. टेबलावर आठवडाभर बिनचूक चाललं. बाहेर मैदानात नेलं तेव्हा ती वायर टेबलावरच राहिली, आणि लॉकही, म्हणजे घेणाऱ्याचं पाठवणाऱ्याशी जुळणंही, तिच्याबरोबर तिथेच राहिलं. वरिष्ठांनी काही न बोलता दोन्ही क्रिस्टलची (पेटीतल्या घड्याळाला ठोका देणाऱ्या स्फटिकांची) डेटाशीट माझ्यापुढे ठेवली होती.

तूही आधी ते पान काढ. साध्या क्रिस्टलवर ±२० पीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे दहा लाखांत २० इकडे किंवा तिकडे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुझं कॅरिअर, म्हणजे डेटा वाहून नेणारी मूळ लहर, २.४ गिगाहर्ट्झचं आहे, त्याचे २० पीपीएम म्हणजे ४८ किलोहर्ट्झ. एक क्रिस्टल वर आणि दुसरं खाली सरकलेलं असेल तर ९६. तू सेकंदाला एक लाख सिम्बॉल, म्हणजे त्या लहरीवर चढवलेल्या खुणा, पाठवतोस, म्हणजे एक सिम्बॉल १० मायक्रोसेकंदांचा. फरक ५० किलोहर्ट्झ असला तरी एका सिम्बॉलपासून पुढच्यापर्यंत सगळं कॉन्स्टेलेशन, म्हणजे सिम्बॉलांच्या ठिपक्यांचा नकाशा, अर्धी गिरकी घेऊन बसतं. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये चार ठिपक्यांच्या जागी जे गोल कडं दिसतंय, ते हेच. ठिपके आहेत, पण थांबत नाहीत.

तू लगेच कॉस्टास लूप, म्हणजे कॅरिअरमधला फरक मोजून सतत दुरुस्त करणारी रचना, लावलास हे वाचून हसू आलं. जॉन कॉस्टासने १९५६ च्या लेखात मांडलेली ती रचना आजही अफलातून आहे, पण फरक इतका मोठा असताना, इतक्या दुरून ती पकडणार नाही. लूपचा आवाका सिम्बॉल दराच्या थोड्याशा टक्क्यांइतकाच असतो. रुंद केलास तर लॉक पटकन मिळेल, पण मग तो प्रत्येक खरखरीमागे धावत सुटेल. अरुंद केलास तर शांत राहील, पण लांबचं काही त्याला दिसणार नाही. त्याला आधी जवळ आणून सोडावं लागतं.

जवळ आणायची सोपी युक्ती तुझ्याच मॉड्युलेशनमध्ये आहे. तुझ्या क्यूपीएसकेत डेटा लहरीच्या चार फेजांत, म्हणजे चार कोनांत, लिहिलेला असतो, आणि ते एकमेकांपासून ९० अंशांवर असतात. प्रत्येक सँपलचा (रिसीव्हरने सिग्नलच्या घेतलेल्या एकेका मोजणीचा) चौथा घात घे. चारही फेज चारपट होऊन एकाच जागी येतात, म्हणजे डेटा पुसला जातो आणि उरतो एक टोन, खऱ्या फरकाच्या चौपट फ्रीक्वेन्सीवर. एफएफटी घे (कोणती फ्रीक्वेन्सी किती आहे हे दाखवणारं गणित), शिखर शोध, चाराने भाग. फक्त एक खड्डा आहे: सँपलिंग सेकंदाला चार लाख असेल तर ही पद्धत ±५० किलोहर्ट्झच्या पलीकडचा फरक उलटा दुमडून दाखवते, आणि चुकीचा आकडा तितक्याच आत्मविश्वासाने हातात ठेवते. तुझा फरक ९६ पर्यंत जाऊ शकतो, तेव्हा आधी सँपलिंग वाढव. त्या मोजणीनंतर १०० हर्ट्झ उरले, तरी हजार सिम्बॉलांच्या पॅकेटमध्ये एक पूर्ण फेरी होते. ते शंभर मात्र कॉस्टासने सांभाळावेत.

आता टायमिंग. त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून काळजी जास्त. प्रत्येक सिम्बॉलच्या नेमक्या मध्यावर सँपल घ्यायचं असतं, आणि तो मध्य कुठे आहे हे रिसीव्हरला कोणी सांगत नाही. शिवाय तो सरकतही असतो. दोन घड्याळांत ४० पीपीएमचा फरक असेल तर २५,००० सिम्बॉलांमागे एक पूर्ण सिम्बॉल घसरतो. तुझ्या दराने पाव सेकंद. ठिपके घटकाभर स्वच्छ दिसून मग विरघळतात आणि पुन्हा गोळा होतात, असं श्वास घेतल्यासारखं चित्र दिसलं तर कॅरिअरला हात लावू नकोस, दोष टायमिंगचा असतो. उपाय म्हणून फ्लॉइड गार्डनरचा १९८६ चा, टायमिंग किती चुकलं ते मोजणारा डिटेक्टर घे. त्याला सिम्बॉलमागे दोनच सँपल लागतात आणि कॅरिअरचा फेज फिरलेला असला तरी त्याचं अडत नाही, म्हणून तो कॉस्टासच्या आधी बसवता येतो. अर्थात तुझं पॅकेट हजारच सिम्बॉलांचं राहणार असेल तर घसरण सिम्बॉलच्या फक्त चार शतांश आहे. मग लूपची यातायात कशाला? सुरुवातीला मध्य एकदा शोध आणि तोच धरून पुढे जा.

आणि एक गोष्ट फुकटात मिळते. बोर्डावर कॅरिअर आणि सँपलिंग दोन्ही एकाच क्रिस्टलमधून निघत असतील तर पीपीएमही एकच. कॅरिअर ४८ किलोहर्ट्झने सरकलेलं मोजलंस की सिम्बॉलही २० पीपीएमनेच सरकणार, हे वेगळं मोजावं लागत नाही.

नेमकी हीच गोष्ट एकदा फार मोठ्या मोहिमेत निसटली होती. शनीकडे निघालेलं कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ ला सुटलं. त्याच्यासोबतचं छोटं यान ह्युजेन्स शनीच्या टायटन या चंद्रावर उतरणार होतं आणि त्याचे संदेश कॅसिनीवरचा रिसीव्हर झेलणार होता. दोघांचा एकमेकांच्या दिशेने वेग सेकंदाला साधारण ५.५ किलोमीटर, म्हणजे सुमारे १८ पीपीएमचा डॉप्लर, वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक. दोन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या कॅरिअरवर तो ३७-३८ किलोहर्ट्झ होतो, आणि त्याची तजवीज केलेली होती. पण १८ पीपीएम बिटांनाही लागतात. सेकंदाला ८१९२ बिट येणार असतील तर दर सेकंदाला बिटाचा सातवा भाग सरकतो. इतकुसा. तेवढाच त्या रिसीव्हरच्या बिट सिंक्रोनायझरला, म्हणजे बिटांचं टायमिंग धरून ठेवणाऱ्या लूपला, पेलवत नव्हता. यान सुटण्यापूर्वी डॉप्लरसकट पूर्ण चाचणी झालीच नव्हती. २००० मध्ये बोरिस स्मेड्स नावाच्या इंजिनिअरने आग्रह धरून, पृथ्वीवरून ह्युजेन्सच्या संदेशाची नक्कल डॉप्लरसकट कॅसिनीकडे पाठवली. कॅरिअर लॉक झालं, आणि डेटाचा मात्र चिखल आला. त्या लूपची सेटिंग पृथ्वीवरून बदलता येत नव्हती. मग कॅसिनीचा मार्गच बदलला, ते टायटनपासून पुष्कळ लांबून जाईल असा, म्हणजे दोघांमधला जवळ येण्याचा वेग आणि त्याबरोबर डॉप्लर कमी होईल. १४ जानेवारी २००५ ला ह्युजेन्स उतरलं आणि चित्रं आली. मला या गोष्टीतला तो मार्ग बदलणं तितकं भावत नाही, जितकं चाचणीत डॉप्लर घालायचा स्मेड्सचा हट्ट भावतो.

शेवटचा गुंता: सगळं लॉक होईल, चार ठिपके खिळ्यासारखे उभे राहतील, आणि तरी बिट चुकीचे येतील. घाबरू नकोस. कॉस्टास लूपला चारही फेज सारखेच वाटतात, तो ९०, १८० किंवा २७० अंश वळूनही तितक्याच समाधानाने बसतो. शिवाय पॅकेट कुठे सुरू झालं हेही अजून कळलेलं नसतं. मैफलीत मधेच शिरलेल्याला मात्रा मोजता येतात, पण सम हाती लागलेली नसते, तसं. म्हणून पॅकेटच्या सुरुवातीला ठरलेला शब्द ठेव. १३ चिन्हांचा बार्कर कोड चालेल: तो +१ आणि −१ चा असतो, आलेल्या चिन्हांना त्याच्या चिन्हांनी गुणून बेरीज केली तर नेमका जुळला की १३, आणि एका जागेने जरी हलला तरी १ च्या वर जात नाही. रिसीव्हरमध्ये त्याच्याशी हीच बेरीज, म्हणजे कोरिलेशन, घे. शिखराची जागा सुरुवात सांगते आणि शिखराचा कोन सांगतो की ठिपके किती वळलेत. एकाच मोजणीत दोन्ही प्रश्न सुटतात.

आता हवेतले प्रयोग बंद कर. सिम्युलेशनमध्ये दोन ओळी घाल, एक कॅरिअर ३० किलोहर्ट्झने सरकवणारी आणि दुसरी सँपलिंग तितक्याच पीपीएमने, म्हणजे १२.५ ने, ताणणारी. तुझं ते बिनचूक सिम्युलेशन मोडलं की मला कळव.

हवेतली एक नोंदही पाठव, पण स्क्रीनशॉट नको, कच्ची आयक्यू फाइल, म्हणजे रिसीव्हरची सगळी सँपल जशीच्या तशी, हवी. बोर्ड चालू करून निदान दहा मिनिटं थांब आणि मग रेकॉर्ड कर, क्रिस्टल तापेपर्यंत सरकत राहतं. सँपलिंगचा दर फाइलच्या नावातच लिही, गेल्या वेळी मला तो अंदाजाने शोधावा लागला होता.

तुझी,
आई