कोंबड्यांना खाऊ घालताना

महोदय,

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, लाडापोटी त्यांना वाटेल ते घालू नका. एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते; त्यात वरचा खाऊ दहा-बारा ग्रॅमच असावा. तो जास्त झाला की ती रोजचे सकस खाद्य टाकते आणि अंड्याचे कवच पातळ पडते. कच्चा राजमा, हिरवट बटाट्याची साल, बुरशी आलेले काही तर नकोच.

आजी भोपळा चिरताना बिया आणि गाभा बाजूला काढायची. तो आवाज ऐकून कोंबड्या दाराशी हजर! त्यांचीच अंडी मग चुलीवरच्या लोखंडी कढईत, मंद आचेवर. तो वास अजून नाकात आहे. नासलेले अन्न मात्र तिने कोंबड्यांपुढे कधीच टाकले नाही.

– एक वाचक