ट्यून केलेला ट्रक, मागे ट्रेलर आणि टाकीतलं पेट्रोल

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. ट्यून केलेल्या ट्रकला ट्रेलर जोडणार आहेस, तर कोणत्या ऑक्टेनचं (दाबाखाली आपोआप न पेटण्याच्या क्षमतेचा आकडा) पेट्रोल भरू, असं विचारलंस. आधी उत्तर देतो. ट्यून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची बदललेली सेटिंग, ज्या ऑक्टेनसाठी लिहिलीय त्याच्या खाली कधीही जाऊ नकोस. आणि ट्रेलर मागे असेल तेव्हा ट्यून एक पायरी खालची ठेव, पेट्रोल एक पायरी वरचं. गाडीत 91 ची ट्यून, टाकीत 93.

हे आकडे एकेआयचे आहेत, आणि पहिली गफलत इथेच होते. एकेआय म्हणजे आरओएन आणि एमओएन, या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी. 91 एकेआयचं पेट्रोल आरओएनमध्ये मोजलं तर साधारण 95-96 भरतं. म्हणजे 91 एकेआयसाठी लिहिलेल्या ट्यूनवर 91 आरओएनचं पेट्रोल भरलंस, तर चार-पाच अंक कमीच पडले. पंपावरचा आकडा कोणता आणि ट्यूनरने लिहिलेला कोणता, हे आधी नक्की कर.

आता एवढी काळजी कशासाठी? रिकामा ट्रक जोरात पळवला तरी पूर्ण बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) काही सेकंदच लागतो. ट्रेलर घेऊन घाट चढताना तोच बूस्ट मिनिटामागून मिनिटं टिकतो. ती हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो, आत येणारी हवा तापते, पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. मग ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायच्या आत कडेला उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक टायमिंग मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. पण टायमिंग मागे गेलं की एक्झॉस्ट आणखी तापतो, टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला इंजिन जादा पेट्रोल ओततं, ताकद घटते, आपण पाय आणखी दाबतो. स्वस्त पेट्रोलात वाचवलेले पैसे तिथेच जळतात. ‘सेन्सर सांभाळून घेईल’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. सेन्सरला कळतं ते नॉक होऊन गेल्यावर.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात आणखी एक धोका आहे: कमी आरपीएमवर जास्त भार आला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं. टायमिंग मागे घेऊन हे थांबत नाही, आणि एका तडाख्यात पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये 1700 आरपीएमवर इंजिन रेटू नकोस. टो-हॉल मोड (ओढकामासाठीचा गिअर मोड) लाव, गिअर खाली आण, इंजिन 2500 ते 3500 मध्ये राहू दे. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं घाल, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं.

ट्यूनरकडे टोइंगची (ओढकामाची) वेगळी फाइल, म्हणजे वेगळी ट्यून, माग. तिच्यात खालच्या आरपीएमला बूस्ट कमी असतो, टायमिंग सबुरीचं असतं आणि गिअर लवकर खाली येतो. परफॉर्मन्सची 93 ची फाइल 93 भरूनही ओढकामाला वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

फाइल बदलतानाचा क्रम पक्का लक्षात ठेव. वरच्या ऑक्टेनवर जाताना आधी पेट्रोल, मग ट्यून. खालच्या ऑक्टेनवर येताना आधी ट्यून, मग पेट्रोल. टाकी जवळपास रिकामी झाल्यावरच भर, कारण 87 आणि 93 निम्मं-निम्मं मिसळलं तर हाती 90 च येतं. नळ्यांमधलं जुनं पेट्रोल संपेपर्यंत गाडी हलक्या पायाने चालव. ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर भिस्त ठेवू नकोस. तिच्यावरचा एक ‘पॉइंट’ बहुधा ऑक्टेनचा दशांश असतो, म्हणजे दहा पॉइंटांनी 91 चं 92 होतं.

इथेनॉलचं थोडक्यात: ई10 (दहा टक्के इथेनॉल) चालतं. ई85 (बहुतांश इथेनॉल) ला ऑक्टेन भरपूर, पण इंधनही जवळपास एक तृतीयांश जास्त लागतं, तीन लिटरांच्या जागी साधारण चार. गाडीतला इंधनाचा पंप आणि इंजेक्टर तेवढं पुरवू शकत नसतील तर भाराखाली मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. त्यासाठी लिहिलेली ट्यून नसेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

स्पार्क प्लगही बघून घे. बूस्ट वाढला की प्लगच्या टोकांमधल्या मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते, चढावर गाडी झटके देते आणि दोष पेट्रोलवर येतो. ट्यून केलेल्या टर्बो इंजिनात गॅप बहुतेकदा 0.7 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात आणि प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घेतात. तुझ्या इंजिनाचा नेमका आकडा ट्यूनरलाच विचार.

शेवटी लॉग. ट्रेलर लावून लांब चढ चढताना प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन, आत येणाऱ्या हवेचं तापमान, रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा पेट्रोलचा दाब) आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलाचं प्रमाण) नोंदव. वाचण्याआधी चिन्हाचा अर्थ विचारून घे, कारण काही गाड्यांत उणे म्हणजे टायमिंग मागे खेचलं, काहींत नेमकं उलट. अधूनमधून एक-दोन अंश मागे गेलं तर घाबरू नकोस. सगळ्याच सिलिंडरांत सतत चार अंशांहून जास्त जात असेल तर पाय काढ आणि खालची ट्यून घाल. एकाच सिलिंडरात जात असेल तर पेट्रोल बदलून उपयोग नाही; तिथला प्लग, इंजेक्टर, साचलेला कार्बन किंवा नॉक सेन्सरला फसवणारा खडखडणारा सैल ब्रॅकेट तपास.

पहिल्या चढाचा लॉग मला पाठव. ट्रेलरचं भरलेलं वजन आणि त्या वेळचं हवेचं तापमानही लिही, त्याशिवाय आकडे वाचता येणार नाहीत.

तुझा,
विनायक